सिनेमा संपला, अक्का

गार्गी, ये गं इकडे, जवळ ये जरा. अशी तिकडे रेडमंडच्या पावसात दार लावून बसू नकोस. सहा आठवड्यांत मावशीला एक फोन नाही, हे बरं दिसतं का? मी मेसेज करते, ‘जेवलीस का?’ तर तू नुसता अंगठा पाठवतेस. जेवलीस का, याला अंगठा हे काय उत्तर झालं? तुझ्या आईनं तुला सात वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेलं-आणलं ते काय अंगठे पाठवायला? आता हे वाच. बोट ठेवून वाच, सावकाश. जोडाक्षराला अडलीस तर तसंच पुढं जा, अर्थ लागेल. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तोंडावर सांगायची वेळ आली तेव्हा मी खोटं बोलले, म्हणून आता इथे चार लोकांच्या देखत लिहितेय.

वाचकांनो, तुम्ही रागावू नका, आधी भाचीशी बोलून घेतलं. माझी धाकटी बहीण नलिनी, आमची नली, लग्न करून टेक्सासात शुगर लँडला आली आणि जन्मभर तिथेच राहिली. सहा आठवड्यांपूर्वी ती गेली. गार्गी तिची एकुलती एक मुलगी. इथल्या मराठी मंडळात आम्हा दोघींना लोक ओळखायचे ते आमच्या सिनेमामुळे. म्हणजे आम्ही सिनेमात काम केलं असं नव्हे हं. जुना, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा लावायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि पडद्यावरच्या नट-नटीच्या तोंडी आपलं मराठी घालायचं, हा आमचा खेळ. नायक मी, नायिका नली. एका दिवाळीला मंडळाच्या स्टेजवर आम्ही पंधरा मिनिटं हे करून दाखवलं आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. या पुरवणीच्या संपादकबाई मला म्हणाल्या, ‘‘सिंधुताई, तेच लिहा, गमतीचं. लोकांना अजून आठवतं.’’ मी हो म्हटलं. लिहायला बसले तर गंमत फार थोडी निघाली...

ती गेली तो मंगळवार होता. नऊ दिवस झाले होते दवाखान्यात. मी माझ्या मुलाकडे, हेमंतकडे राहते. तो मला रोज दहा वाजता गाडीनं सोडायचा. त्या दिवशी मी मुगाचं कढण करून थर्मासात ओतत होते, मीठ अगदी बेतानं, कारण आदल्या दिवशी तिनं खारट लागतं म्हणून तोंड फिरवलं होतं. फोन वाजला. गार्गीचा होता. ‘‘मावशी,’’ ती म्हणाली. मग इंग्रजीत म्हणाली, ‘‘शी इज गॉन.’’ मी काय केलं असेल? थर्मासचं झाकण लावलं. घट्ट लावलं. आणि पिशवीत ठेवला, चमचा ठेवला, रुमाल ठेवला. हेमंत जिना उतरून आला तर मी दारात पिशवी घेऊन उभी. त्यानंही पिशवी हातातून काढून घेतली नाही. तसेच निघालो आम्ही. ते कढण चौथ्या दिवशी सूनबाईनं ओतून टाकलं, मला न सांगता. बरं केलं.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे वडील, अण्णा, सोलापूरला एका थिएटरात ऑपरेटर होते. रविवारी सकाळी तिथे इंग्रजी सिनेमा लागायचा, जुनापुराणा, अमेरिकेत लागून वीस-वीस वर्षं झालेला. त्यांचा डबा घेऊन आम्ही दोघी जायचो, आणि डबा पोचवला की अण्णा म्हणायचे, ‘‘बसा कोपऱ्यात, मशीनला हात लावाल तर तंगड्या मोडीन.’’ वरची ती खोली म्हणजे भट्टीच. दोन मोठी मशिनं, त्यात कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, आणि खडखडाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. भिंतीला एक चौकोनी भोक होतं, त्यातून पडदा दिसायचा. सिनेमाचा आवाज मात्र आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. पोचला असता तरी आम्हाला काय कळणार होतं म्हणा, इंग्रजीत आमची मजल ‘माय नेम इज’पर्यंत. तर त्या भोकाला गाल चिकटवून आम्ही बघायचो आणि माणसांना आमचं बोलणं द्यायचो. नली सहा वर्षांची असेल, तेव्हापासूनचं हे. एक नट होता, उंचच उंच, दारातून येताना वाकायचा, तो लांब्या. त्याच्यासोबत सिनेमामागून सिनेमात तीच एक गोल डोळ्यांची नटी, ती बाहुली. लांब्या आणि बाहुली नवरा-बायकोच आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. नवरा-बायको असल्याशिवाय दर खेपेला तेच दोघं कसे असतील? एकदा एका सिनेमात बाहुलीचं लग्न भलत्याशीच लागलं तर नली जेवली नाही. अण्णा हसून हसून बेजार.

आणखी एक जोडी होती. दोघी बहिणी. त्या खऱ्या बहिणी आहेत हे अण्णांना थिएटरच्या मॅनेजरनं सांगितलं होतं. भुवया अशा कोरलेल्या की पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. थोरली भुवई आणि धाकटी भुवई, ही आमची नावं. खरी नावं मला आज ठाऊक आहेत, पण इथे लिहीत नाही. आमच्यासाठी त्या भुवयाच होत्या. त्यांचा सिनेमा लागला की थोरलीचं बोलायचं मी आणि धाकटीचं नलीनं, यावर वाद नव्हता.

या खेळाची एक वाईट सवय आम्हाला लागली. जे घरात बोलता यायचं नाही ते त्या भोकाशी बोलता यायचं. शेजारच्या खडखडाटात अण्णांना ऐकू जात नव्हतं, आणि बोलत होती ती बाहुली, नली नव्हे. नलीला शाळेत बाई ओरडल्या, हे मला बाहुलीकडून कळलं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी घाबरून जे रडले ते लांब्याच्या आवाजात रडले... आता हसू येतं. नली सतरा वर्षांची झाली त्या वर्षी मार्चात बाहुली एका आगगाडीच्या खिडकीत बसली होती आणि नली म्हणाली, ‘‘मी मिरजेला नर्सिंगचा फॉर्म भरलाय. अण्णांची सही मीच केलीय. उत्तर आलं की निघणार.’’ मी तेव्हा एकवीस वर्षांची, लग्न ठरलेलं, स्वतःला फार शहाणी समजणारी. माझ्या सासरचे काय म्हणतील, या भीतीनं मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. आईनं अण्णांना. अण्णांनी मारलं नाही, ओरडलेसुद्धा नाहीत. पोस्टमनला गाठून ते पत्र आपल्याकडे घेतलं आणि नलीसमोर चुलीत घातलं. बस.

नली माझ्याशी आठ महिने बोलली नाही. माझ्या लग्नात माझ्या मागे करवली म्हणून उभी राहिली, पण बोलली नाही. मग मी पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा स्वतःच म्हणाली, ‘‘अक्का, चल, रविवार आहे.’’ वर गेलो. भोकापाशी उभं राहून तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. सिनेमात बोललेलं सिनेमातच ठेवायचं. बाहेर कोणाला सांगायचं नाही, आणि आपल्या दोघींमध्येसुद्धा त्यावर परत विचारायचं नाही. मी अण्णांच्या मशीनवर हात ठेवून शपथ घेतली. मशीन तापलेलं होतं, हाताला चटका बसला. नली म्हणाली, ‘‘लक्षात राहील.’’

तिचं लग्न इंजिनियरशी झालं, ती इकडे आली. प्रभाकरराव तेलाच्या कंपनीत, सज्जन माणूस, सिनेमाची अजिबात आवड नाही. नलीनं त्या घरात वर्षानुवर्षं एकटीनं दोन्ही आवाज काढले म्हणे. गार्गी, तुला आठवत असेल, तूच मला सांगितलंस, तू शाळेतून आलीस की आई टीव्हीपुढं घड्या घालत बसलेली असायची आणि एकदा जाड, एकदा बारीक आवाजात बोलत असायची. तू मैत्रिणींना घरी आणायला लाजायचीस. मग प्रभाकररावांना तो आजार झाला. दोन वर्षं ती त्यांना ह्यूस्टनच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जात होती, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, त्या पार्किंगच्या चढणीवरून गोल गोल वर. ते गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी माझे यजमान गेले आणि हेमंत मला इकडे घेऊन आला. दोघी म्हाताऱ्या पुन्हा एका गावात! हेमंतच्या घरापासून तिचं घर गाडीनं पंधरा मिनिटं. मला कुठली गाडी येते, तीच यायची न्यायला. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दीडला हॉर्न. ‘‘अक्का, चप्पल घाल, लांब्या खोळंबलाय.’’

ती दुपार म्हणजे काय सांगू तुम्हाला. बाहेर टेक्सासचं ते दमट ऊन, चष्म्यावर वाफ धरते असं. आत पडदे ओढलेले, बशीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे, सोलापूरची सवय. दोन वाजता जुन्या सिनेमांचं चॅनल. रिमोट माझ्या हातात, म्यूटचं बटण दाबायचा मान थोरलीचा. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून वाचून मी इंग्रजी शिकले. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढचं सगळं त्या अक्षरांनी केलं. तरी बोलायचं मात्र आमचंच. लांब्या बाहुलीला समुद्रावर हिरा देत असायचा आणि मी म्हणायचे, ‘‘घे, सूनबाईनं फ्रिजमधली कोथिंबीर फेकून दिली, ही एवढीच उरली.’’ (सूनबाई हे वाचेल. वाचू दे.) आणि नली डोळे मिटून बाहुलीसारखी मान मागे टाकून म्हणायची, ‘‘प्राणनाथ, आज प्रभाकररावांचा शर्ट गुडविलला दान करून आले. वास घेतला नाही. घेतला असता तर दिला नसता.’’ असं. गमतीत गंमत आणि मधेच असं काहीतरी. मग सिनेमा संपला की चहा, आणि त्यातलं एक अक्षर पुन्हा निघायचं नाही. शपथ होती ना.

एकदा गार्गी सुट्टीवर आली होती. फोनवर काय काय शोधते ही मुलगी! म्हणाली, ‘‘आई, तुमचा लांब्या अँड बाहुली? दे वेअर नेव्हर मॅरीड. कामापुरते भेटायचे. एकमेकांच्या घरी पण नाही गेले म्हणे.’’ साठ वर्षांचा संसार मोडला की आमचा! नली म्हणाली, ‘‘बरंच झालं, त्याला घोरायची सवय असणार.’’ मग मी विचारलं, आणि भुवया? त्या तरी खऱ्या बहिणी ना? गार्गी वाचत होती. म्हणाली, ‘‘हो, बट दे डिडंट स्पीक. इयर्स अँड इयर्स. कामावरून भांडण झालं, एकीला रोल मिळाला, एकीला नाही. शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.’’ नली खूप हसली. माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, ‘‘बघ गं अक्का, आणि आपण? तोंड मिटत नाही आपलं!’’ गार्गीनं आमचा फोटो काढला तेव्हा. दोघींची तोंडं उघडी. तो फोटो नली गेली तेव्हा फ्यूनरल होममध्ये फुलांशेजारी लावला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. लोकांना वाटलं असेल, बाईला बघवत नाही.

गेल्या ऑक्टोबरातला गुरुवार. लांब्या-बाहुलीचाच सिनेमा होता, मोठं हॉटेल, दिव्यांची झुंबरं, बाहुली गच्चीच्या कठड्याशी उभी. लांब्या मागून येतो. मी आपलं काहीतरी म्हटलं, थंडी वाजेल, स्वेटर घाल, असं. आणि नलीनं बाहुलीच्या त्या बारीक आवाजात म्हटलं, ‘‘मी डॉक्टरकडे गेले होते. पोटाचा स्कॅन काढला. काहीतरी दिसलंय त्यांना. परत बोलावलंय, पण मी जाणार नाही. त्या पार्किंगमध्ये मी पुन्हा गाडी लावणार नाही. मुलीला कळलं तर ती सगळं टाकून येईल, तिला नाही सांगायचं.’’

सिनेमात पुढं लांब्या बोलतो. त्याचे ओठ हलत होते. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, नाहीतर खेळ मोडला असता. मी जाड आवाजात म्हटलं, ‘‘नको जाऊस. चल, आपण नाचू.’’ आणि खरंच पुढच्या क्षणाला ते दोघं नाचायला लागले. नली हसली. ‘‘काय टायमिंग आहे गं तुझं,’’ म्हणाली. आपल्या आवाजात.

मला कळलं होतं, गार्गी. हे मी आज सांगते. मला कळलं नसेल, मी थट्टेत घेतलं असेल, असं गेले सहा आठवडे स्वतःला सांगून पाहिलं. पण हातातला रिमोट गार पडला होता तो मला आठवतो. कळलं होतं.

संध्याकाळी ती मला सोडायला निघाली. सिग्नलला गाडी थांबली. ग्रोसरीच्या दुकानाशी तो मोठा सिग्नल, तिथे फार वेळ लाल राहतो. मी म्हटलं, ‘‘नली, ते डॉक्टरचं...’’ तिनं समोर बघतच म्हटलं, ‘‘सिनेमा संपला, अक्का.’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ हिरवा झाला. गाडी निघाली. मला वाटतं, तो सिग्नल अजून थोडा वेळ लाल राहिला असता तर मी बोलले असते. आता असं वाटून काय उपयोग.

मग मी काय केलं ते सांगते. मी शपथ मोडली नाही. पण पळवाट काढली. तीन-चार आठवड्यांनी एका सिनेमात लांब्या स्टेशनवर बाहुलीला विचारत होता, तेव्हा मी त्याच्या तोंडून विचारलं, ‘‘परत बोलावलं होतं ना तुला? जाऊन आलीस का?’’ नलीनं क्षणभर पडद्याकडे पाहिलं. बाहुली तेव्हा टोपी नीट करत होती. नली म्हणाली, ‘‘आले की जाऊन. काही नाही निघालं. उगीच घाबरले होते.’’ आणि मी सुटले! घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. का माहितीये? तिच्या बोलण्यावर शंका घ्यायचं मला सुचलंच नाही. घरात आम्ही दोघींनी खोटी बोलणी पुष्कळ केली असतील, सासरी केली, नवऱ्यांशी केली. सिनेमात कधी केली नव्हती. सहा वर्षांची असल्यापासून नाही. तिथे जे बोलायचं ते खरं असायचं, म्हणून तर तो खेळ.

जानेवारीत ती स्वयंपाकघरात पडली. डोळे पिवळे झाले होते, मी म्हणत होते डोळे पिवळे दिसतात, ती म्हणायची दिव्यामुळे. गार्गी विमानानं आली, तशीच विमानतळावरून दवाखान्यात, पाठीवर लॅपटॉपची बॅग. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की आता पसरलंय. ऑक्टोबरचा स्कॅन त्यांच्या कॉम्प्युटरवर होता. तेव्हा आल्या असत्या तर कदाचित काही करता आलं असतं, असं ते म्हणाले. कदाचित. तो शब्द गार्गीनं मला दोनदा सांगितला. आणि मग त्या लांब कॉरिडॉरमध्ये, ते सॅनिटायझरचं यंत्र होतं भिंतीला, तिथे तिनं माझे दोन्ही हात धरले. ‘‘मावशी, प्लीज. तुला काही बोलली होती ती? एनीथिंग? तू तर आठवड्यातून दोनदा भेटायचीस तिला. डिड यू नो?’’

मी म्हटलं, ‘‘नाही गं बाळा. मला काहीच बोलली नाही.’’

शपथेला जागले असं म्हणायला सोपं आहे. शपथ वगैरे काही नव्हतं त्या वेळी डोक्यात. मी घाबरले होते. या मुलीनं माझे हात सोडले तर, एवढंच होतं डोक्यात.

शेवटच्या रविवारी मी तिच्या खाटेशी होते. गार्गी खिडकीशी, कानाला फोन, ऑफिसचं काहीतरी सांगत होती. भिंतीवरच्या टीव्हीवर कोणीतरी केक करत होतं, आवाज बंदच होता, दवाखान्यात बंदच असतो. मला काय सुचलं कोण जाणे, मी हळूच लांब्याचा आवाज काढला. केक करणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलं, ‘‘बाहुले, तू मला खोटं का सांगितलंस गं?’’ नलीचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपली. मग ती बोलली. बारीक आवाज काढला नाही. आपल्या आवाजात, अगदी साधं बोलली.

‘‘तू सांगितलं असतंस, अक्का.’’

पंचावन्न वर्षं मी एक शब्द कोणाला सांगितला नव्हता. तिच्या कोणत्याही गोष्टीचा नाही. आणि तिला मी अजून तीच होते, एकवीस वर्षांची, चुलीपाशी आईच्या कानाला लागलेली. मी काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात गार्गी वळली. ‘‘काय म्हणाली आई? व्हॉट डिड शी से?’’

मी म्हटलं, ‘‘पाणी मागतेय.’’

तू पाणी आणलंस गार्गी, ती प्यायची नळी लावून, आणि तिच्या ओठाला लावलंस. ती प्यायली. तहान नसताना प्यायली. माझ्याकडे बघत प्यायली. त्यानंतर ती जे बोलली ते बोलण्यासारखं नव्हतं, नुसतं हं, आणि नाही, आणि कढण खारट आहे.

संपादकबाई, तुम्ही गमतीचं मागितलं होतंत. मी पाठवते ते छापायचं तर छापा. मला दुसरं लिहिता येत नाही.

मी या खेळाचा विचार फार करते हल्ली. त्या भुवयांचं तरी सरळ होतं. बोलत नव्हत्या, सगळ्या जगाला माहीत होतं की बोलत नाहीत. आम्ही आठवड्यातून दोन दुपारी तोंड न मिटता बोललो, आणि मला वाटलं आम्ही एकमेकींना सगळं सांगतो. तिला तिकडे दवाखान्यात ओढत न्यायला कोणीतरी हवं होतं, तिच्या रागाला न घाबरणारं. आणखी आठ महिने अबोला धरला असता तिनं. धरू दे. आठ महिने धरायला ती असती तर...

मंगळवारी आणि गुरुवारी दीड वाजता मी अजून चप्पल घालून बसते. सूनबाई काही म्हणत नाही. परवा तिनं माझ्यासाठी ते चॅनल लावून दिलं. लांब्या होता. बाहुलीही होती. मी आवाज बंद केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाहुलीचा खरा आवाज ऐकला, आणि तुम्हाला सांगते, तो जाड आहे. चांगला घोगरा, पुरुषी म्हणावा असा. नलीनं जन्मभर तिला तो चिवचिवाट दिला. हे मला तिला सांगायचं होतं, मी वळलेसुद्धा.

गार्गी, तुझा मागच्या आठवड्यात मेसेज आला, ‘‘मावशी, डू यू हॅव द टीव्ही रिमोट? कान्ट फाइंड इट.’’ घर विकायला काढायचंय, टीव्ही कोणाला तरी द्यायचाय, मला ठाऊक आहे. मी उत्तर दिलं नाही. तू विचारलंस त्याला मी खरं न सांगणं हे आता तिसऱ्यांदा झालं, चौथ्यांदा नको. रिमोट माझ्याकडे आहे. आपण सगळे फ्यूनरल होमवरून तुमच्या घरी परत आलो, तुम्ही बाहेर चपला काढत होतात, तेव्हा मी तो सोफ्याच्या फटीतून काढून पर्समध्ये टाकला. म्यूटच्या बटणावरचं चित्र पुसून गेलंय, रबर तेवढ्या जागी गुळगुळीत झालंय, आणि मागच्या झाकणाला तिनं लावलेली पट्टी आहे, बँडेजची. चिकटपट्टी सापडली नव्हती म्हणून बँडेज लावलं होतं तिनं. माझ्या उशाशी असतो. मी तो पोस्टानं पाठवणार नाही, हेमंतबरोबरही देणार नाही.

तो घ्यायला तू ये. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड, इंग्रजीत ओरड, मला आता सगळं कळतं. मला एकदा पुन्हा विचार, त्या कॉरिडॉरमध्ये विचारलं होतंस तसं, हात धरून नाही तर न धरता. मी टीव्ही बंद ठेवीन. माझ्या आवाजात सांगीन. कडक भाकरी करून ठेवते, तुझ्या आईसारखी पातळ जमत नाही, पण करते. उशीर लावू नकोस, बाळा, मीही आता ऐंशीकडे चाललेय. या महिन्यातच ये. गुरुवारी येता आलं तर बघ, दीडच्या आत.